नक्षी शिल्लक असताना टायरचं ट्रेड (वरचा नक्षीचा थर) का निघतं? ब्रँडचा दोष किती आणि बाकीचा कुणाचा?

टायर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला, कुठला ब्रँड घेऊ? उत्तरं पण तशीच ठरलेली. एक जण म्हणतो अमुक कंपनीचं नाव काढू नका, माझा टायर हायवेवर चालता चालता सोलून निघाला, नक्षी अजून निम्मी शिल्लक होती. दुसरा म्हणतो काहीतरीच काय, मी तोच टायर वर्षानुवर्षं वापरतोय, एक पंक्चर सोडलं तर काही झालं नाही. दोघंही खरं बोलत असतात आणि ऐकणारा मात्र पहिल्यापेक्षा जास्त गोंधळतो.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो कारण टायर सोलून निघणं हे पंक्चरसारखं नाही. पंक्चरमध्ये बहुतेक वेळा हवा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. इथे ताशी शंभरच्या स्पीडला अख्खा वरचा थर निघून मडगार्डवर आपटतो, आणि तेव्हा स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने काय केलं यावर आतल्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. म्हणून ब्रँडच्या वादात पडण्याआधी टायरच्या आत नक्की काय होतं ते बघू.

टायर म्हणजे नुसतं रबर नाही

बाहेरून टायर काळा, एकजीव दिसतो. आत मात्र थर असतात. सगळ्यात आत हवा धरून ठेवणारं खास रबराचं अस्तर, त्यावर धाग्यांचा सांगाडा (कारमध्ये बहुतेक पॉलिएस्टरचा), त्यावर बारीक स्टीलच्या तारांचे दोन बेल्ट, आणि सगळ्यात वर जमिनीला टेकणारा नक्षीचा जाड थर, त्याला ट्रेड म्हणतात. काही टायरमध्ये बेल्टच्या वर नायलॉनची एक पट्टी पण गुंडाळलेली असते, ती पुढे येईलच.

दोन बेल्टमधल्या तारा एकमेकींना तिरक्या जातात, एका बेल्टच्या डावीकडे तिरक्या तर दुसऱ्याच्या उजवीकडे, आणि मध्ये रबराचा अगदी पातळ थर. स्टील आणि रबर एकमेकांना सहज चिकटत नाहीत, म्हणून तारांवर पितळेचा मुलामा देतात. टायर भट्टीत शिजताना रबरातलं गंधक आणि पितळेतलं तांबं यांची रासायनिक क्रिया होते आणि पकड तयार होते. म्हणजे तुमच्या जिवाचा भरवसा ज्या जोडावर आहे तो तयार होतो त्या भट्टीत, काही मिनिटांत, आणि नंतर कधीच डोळ्याला दिसत नाही.

टायर फिरताना जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की परत गोल. दर फेरीला हे दोन बेल्ट एकमेकांवर कात्रीच्या पात्यांसारखे किंचित सरकतात. सगळ्यात जास्त सरकतात ते कडांना, कारण तिथे तारा कापलेल्या असतात, मोकळ्या असतात. ताण तिथेच साठतो. साधारण कारचा टायर एका किलोमीटरला पाचशेच्या आसपास फेऱ्या मारतो, मग पन्नास हजार किलोमीटरला किती वेळा हा ताण आला ते तुम्हीच बघा, अडीच कोटी वेळा. रबर चांगलं असेल, जोड नीट शिजला असेल तर ते सगळं सहन करतो. नसेल तर बेल्टच्या कडेला केसाएवढी चीर पडते, ती कडेकडेने पसरते, मग आत सरकते. प्लायवूडची कड एकदा उकलली की वरचा थर जसा हळूहळू सुटत जातो आणि एक दिवस हातात येतो, तसंच हे. ट्रेड आणि वरचा बेल्ट एकत्र सोलून निघतात, सांगाडा आणि खालचा बेल्ट रिमवर राहतो. कधीकधी तर हवासुद्धा जात नाही, टायर फुगलेलाच असतो आणि वरचं सगळं गायब. याला ट्रेड सेपरेशन म्हणतात.

"नक्षी शिल्लक होती तरी कसा गेला" याचं उत्तर इथेच आहे. नक्षीची खोली सांगते की वरचं रबर किती घासलं, आणि ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी महत्त्वाचं आहे, बऱ्याच देशांत १.६ मिलीमीटरच्या खाली टायर चालवायला बंदी आहे ती त्यासाठीच. पण नक्षीच्या खाली बेल्टच्या मधला जोड किती उरलाय हे ती सांगत नाही. किंबहुना कमी चालणाऱ्या गाडीत हा धोका जास्त फसवा असतो, नक्षी भरपूर दिसते म्हणून टायर वर्षानुवर्षं बदललाच जात नाही.

उष्णता

रबर दाबलं आणि सोडलं की दाबताना घातलेली सगळी शक्ती परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन आतच राहते. टायर जितका जास्त चपटा होईल तितकी जास्त. टायर जास्त चपटा कधी होतो? हवा कमी असेल तेव्हा, वजन जास्त असेल तेव्हा. आणि स्पीड जास्त असेल तर हीच क्रिया दर मिनिटाला जास्त वेळा होते, उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. कमी हवा, भरलेली गाडी, मोठा स्पीड, तापलेला रस्ता, हे चार एकत्र आले की बेल्टच्या कडेचं रबर सगळ्यात आधी थकतं. टायर जाण्याच्या गोष्टी नीट ऐका, त्यातल्या कितीतरी सुट्टीच्या प्रवासाच्या असतात, दुपारच्या वेळी, डिकी भरलेली, चार-पाच माणसं आणि तासनतास एकसारखा स्पीड.

उष्णतेचं दुसरं काम संथ आहे. टायरमधल्या हवेतला ऑक्सिजन आतल्या अस्तरातून झिरपत झिरपत बेल्टपर्यंत पोचतो आणि रबराला आतून कडक, ठिसूळ करतो. गरम हवामानात हे खूप वेगात होतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने (नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन, पुढे नुसतं एनएचटीएसए म्हणतो) २००७ मध्ये तिथल्या संसदेला दिलेल्या अहवालात एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे आहेत: कंपनीचे फक्त २७ टक्के ग्राहक टेक्सस, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अॅरिझोना या पाच गरम राज्यांतले, पण टायरचे ७७ टक्के क्लेम तिथून आले. आणि त्या क्लेममधले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते. ब्रँडचा उल्लेख न करता हे आकडे एवढं सांगून जातात.

"उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवायची असते ना?"

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की हवा भरणारेसुद्धा सांगतात, गरमीत हवा फुगते म्हणून दोन-चार पॉइंट कमी ठेवा. चालल्यावर प्रेशर वाढतं हे खरंच आहे, पण टायर बनवताना आणि गाडीचं प्रेशर ठरवताना ते धरलेलंच असतं. तुम्ही मुद्दाम कमी ठेवली की टायर जास्त चपटा होतो, जास्त तापतो, म्हणजे ज्या गरमीची भीती होती ती तुम्हीच वाढवली. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत जो आकडा दिलाय तो थंड टायरचा आहे, म्हणजे गाडी काही तास उभी असताना मोजायचा. गाडी भरलेली असेल तर तिथेच बहुतेक वेळा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो, तो कुणी वाचत नाही. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही.

हवा महिन्याला साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, ज्याला आपण पॉइंट म्हणतो) आपोआप कमी होते. टायरला काहीही झालेलं नसताना. सहा महिने बघितलीच नाही तर काय होईल ते उघड आहे. नव्या गाड्यांत प्रेशर कमी झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, पण अमेरिकेच्या नियमानुसार तो दिवा सांगितलेल्या प्रेशरपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो. ३२ च्या टायरला २४. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं समजू नका, एवढंच सांगायचंय.

नायट्रोजनचं विचाराल तर आत ऑक्सिजन कमी म्हणजे आतून ठिसूळ होणं थोडं लांबतं, यात तथ्य आहे. पण नायट्रोजन भरलाय म्हणून प्रेशर न बघणारा माणूस साधी हवा दर महिन्याला बघणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

मग ब्रँडचा काहीच दोष नसतो का?

असतो. आणि कधीकधी मोठा असतो. यासाठी फायरस्टोन या अमेरिकन टायर कंपनीचं प्रकरण समजून घेतलं पाहिजे कारण टायरबद्दलचे आजचे कितीतरी नियम त्यातून आलेत.

१९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्डची एक्सप्लोरर ही एसयूव्ही तुफान खपत होती आणि तिला कारखान्यातूनच फायरस्टोनचे एटीएक्स आणि नंतर विल्डरनेस एटी हे टायर लागून येत. ट्रेड निघायचं, गाडी उलटायची. १९९८ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीच्या एका विश्लेषकाने अशा २१ केसेस एकत्र करून एनएचटीएसएला कळवल्या, पण तेव्हा कुणी हललं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही चॅनलने बातमी दाखवली आणि मग तक्रारींचा पूर आला, लोकांना तोपर्यंत वाटत होतं की हे आपल्या एकट्याचंच नशीब. मे महिन्यात तपास सुरू झाला, ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. पुढच्या वर्षी फोर्डने स्वतःहून आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलायचं जाहीर केलं, आणि जवळजवळ शंभर वर्षांचं दोन कंपन्यांचं नातं तुटलं. एकट्या अमेरिकेत २७१ माणसं गेली.

आता यात दोष कुणाचा? फायरस्टोन म्हणत होती गाडीचा आणि हवेचा, कारण फोर्डने २६ पीएसआय सांगितलं होतं, फायरस्टोनच्या मते ३० हवं होतं. फोर्डचा मुद्दा असा की काही एक्सप्लोररवर त्याच काळात गुडइयरचे टायर होते, प्रेशर तेच, आणि तिथे अशा तक्रारी नाहीतच जवळपास. तपासात पुढे आलं की चीर सुरू होत होती ती दोन बेल्टच्या कडांच्या मध्येच, आणि १९९८ च्या मध्याच्या आधीच्या टायरमध्ये कडेला बेल्टच्या मधलं रबर पुरेसं नव्हतं, नंतर डिझाइन बदलल्यावर प्रकार कमी झाला. नायलॉनची ती वरची पट्टी, जी स्पीडला बेल्टच्या कडा दाबून धरते, ती या टायरमध्ये नव्हती यावरही बराच वाद झाला. शिवाय इलिनॉयमधल्या डेकेटर इथल्या कारखान्यात बनलेल्या टायरचं प्रमाण तक्रारींत खूपच जास्त होतं. त्या कारखान्यात १९९४ ते १९९६ दरम्यान संप आणि कामगारांशी मोठा झगडा चालू होता, आणि नंतर दोन अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा त्याच काळात, त्याच कारखान्यात बनलेल्या टायरमध्ये दोष जास्त निघाले. नाव तेच, डिझाइन तेच, पण कारखाना आणि महिना वेगळा तर टायर वेगळा! मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गाडीचं काय? एनएचटीएसएने २००२ मध्ये सांगितलं की टायर गेल्यावर एक्सप्लोरर तिच्यासारख्या बाकीच्या एसयूव्हींपेक्षा जास्त उलटते असं दिसत नाही. पण उंच गाडी, मागचा टायर आणि घाबरून मारलेलं स्टिअरिंग हे मिश्रण कुठल्याही एसयूव्हीत वाईटच.

"अनोळखी, स्वस्त ब्रँड म्हणजे खराबच"

असं सरसकट म्हणता येत नाही, पण भीती निराधार पण नाही. २००७ मध्ये अमेरिकेत फॉरेन टायर सेल्स नावाच्या आयात करणाऱ्या कंपनीने सांगितलं की चीनमधून आणलेल्या टायरमध्ये दोन बेल्टच्या मधली रबराची पट्टी कमी जाडीची किंवा नाहीच. म्हणजे तीच जागा बघा, बेल्टची कड! साडेचार लाखांपर्यंत टायर त्यात असतील असा तेव्हाचा अंदाज होता. बनवणाऱ्या कंपनीने दोष नाकारला होता हे पण सांगायला हवं. पण यातून कळतं की खर्च वाचवायचा झाला तर तो अशा ठिकाणी वाचवता येतो जिथे गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नाही. नक्षी तीच, चमक तीच.

आणि दुसऱ्या बाजूला मोठं नाव म्हणजे कवच असं पण नाही. फायरस्टोन काय लहान नाव होतं? त्याच कंपनीचा फायरस्टोन ५०० हा टायर त्याआधी १९७८ मध्ये परत मागवावा लागला होता, तेव्हाही कारण बेल्ट सुटण्याचंच. गुडइयरचा जी१५९ हा मोटरहोमवर वापरला गेलेला टायर १९९६ ते २००३ दरम्यान बनला आणि परत मागवला गेला २०२२ मध्ये, इतक्या वर्षांनी!

शिवाय ब्रँड म्हणजे नक्की कोण, हेही साधं नाही. फायरस्टोन १९८८ पासून ब्रिजस्टोनची. कूपर २०२१ पासून गुडइयरची. युनिरॉयल हे नाव उत्तर अमेरिकेत मिशेलिनकडे आहे तर युरोपात काँटिनेंटलकडे, एकच नाव आणि दोन एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या. त्यात गाडीसोबत आलेला टायर आणि तुम्ही नंतर घेतलेला त्याच नावाचा टायर आतून वेगळा असू शकतो, कारण गाडी कंपनी तिच्या गाडीसाठी वेगळं मिश्रण मागते, कधी मायलेजसाठी कधी आवाज कमी व्हावा म्हणून. तेव्हा "अमक्या ब्रँडचा अनुभव" म्हणताना कुठल्या मॉडेलचा, कुठल्या साइजचा, कुठल्या कारखान्याचा हे सोडून दिलं तर फारसं काही उरत नाही.

"पण माझा तर काही न होता चालला"

याचा हिशोब करून बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. समजा एका चांगल्या टायरमध्ये लाखात १० टायरचं ट्रेड निघतं आणि एका वाईट टायरमध्ये लाखात ५०, म्हणजे पाचपट वाईट. एखाद्याने आयुष्यभर तो वाईट टायरच वापरला, दहा सेट म्हणजे ४० टायर. त्याच्या नशिबी एकदा तरी ट्रेड निघण्याची शक्यता किती? साधारण २ टक्के. म्हणजे पाचपट वाईट टायर आयुष्यभर वापरणाऱ्या शंभरातले ९८ जण प्रामाणिकपणे सांगतील की टायर एकदम बेस्ट आहे, डोळे झाकून घ्या. आणि चांगल्या टायरवाल्यांपैकी ज्या थोड्यांचा गेला ते तितक्याच प्रामाणिकपणे सांगतील की भिकार आहे.

म्हणून एकट्याच्या अनुभवावरून ब्रँडचा निकाल लावता येत नाही, चांगला पण नाही आणि वाईट पण नाही. घासणं, आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड, याबद्दल मात्र चालकांचा अनुभव कामाचा असतो कारण ते प्रत्येकाला रोज जाणवतं. क्वचित घडणारी गोष्ट फक्त हजारो अनुभव एकत्र मोजल्यावरच दिसते. स्टेट फार्मच्या त्या माणसाला दिसलं ते याच कारणाने, त्याच्या टेबलावर सगळ्यांचे क्लेम येत होते.

अंगावरचे आकडे काय सांगतात, काय नाही

साइजच्या पुढे ९१ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे तो टायर ६१५ किलो पेलू शकतो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा. टी १९०, एच २१०. बदलताना हे दोन्ही गाडीला सांगितलेल्यापेक्षा कमी घेऊ नका, दुकानदार म्हणाला चालतं तरी नाही.

अमेरिकेतल्या टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, ४००, ६०० असा. तो घासण्याबद्दल आहे, सोलण्याबद्दल नाही, आणि तो कंपनी स्वतः चाचणी करून देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात फार अर्थ नाही. त्यासोबत तापमानाची श्रेणी असते, ए, बी किंवा सी, ती उष्णता सहन करण्याची आहे आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळची तीच. युरोपच्या लेबलवर इंधन, ओली पकड आणि आवाज असतो. किती वर्षं जोड टिकेल याचा आकडा कुठल्याच लेबलवर नाही.

एक आकडा मात्र जरूर वाचा. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT, अमेरिकेच्या परिवहन खात्याची खूण) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच अंक असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्याला लगेच उतरवा. डीओटीच्या लगेच पुढची दोन किंवा तीन अक्षरं कारखान्याचा कोड असतात.

टायर किती जुना म्हणजे जुना?

यावर एकमत नाही. बऱ्याच गाडी कंपन्या म्हणतात सहा वर्षांनी बदला, नक्षी कितीही असो. टायर कंपन्या साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी काहीही झालं तरी काढा असं सांगतात. माझं मत विचाराल तर गरम प्रदेशात सहाच धरा, थंड ठिकाणी, हवा नीट बघत असाल तर थोडं जास्त. स्टेपनी पण यात येते! ती वापरलीच नाही म्हणून नवी असं नसतं, एनएचटीएसएच्या अभ्यासात गाडीला नुसती लावून ठेवलेली स्टेपनीसुद्धा आतून म्हातारी होताना दिसली होती. जुनी स्टेपनी घाईत लावून पुढे शे-दोनशे किलोमीटर फुल स्पीडने जाणं फार धोक्याचं आहे.

ब्रिटनमध्ये २०१२ साली एका कोचचा पुढचा टायर फुटून अपघात झाला, तीन जण गेले, आणि तो टायर १९ वर्षांचा निघाला. नक्षी कायद्यात बसत होती. एका आईने मुलगा गमावल्यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे लॉरी, बस आणि कोचच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालवायला बंदी आली.

रिमोल्ड टायरचंच ट्रेड निघतं ना?

रस्त्याच्या कडेला रबराचे लांब तुकडे दिसले की सगळे म्हणतात रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला (रिट्रेड केलेला) टायर. काही असतात. पण त्यात पहिल्यांदाच वापरलेल्या टायरचे तुकडे पण असतात, आणि तुकड्यात तारा दिसत असतील तर बेल्टच सुटलाय, नवं चढवलेलं रबर नुसतं सुटलं असं म्हणता येत नाही. विमानांचे टायर तर नियमित रिट्रेड होतात आणि प्रत्येक लँडिंगला भयंकर भार घेतात. प्रश्न सांगाडा किती थकलाय आणि रबर कुणी, किती काळजीने चढवलं हा आहे. कारला मात्र मी रिमोल्ड लावणार नाही, कारण त्या सांगाड्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नसतो.

इतिहासावरून आठवलं, पंक्चर. भोक पडून तारेपर्यंत पाणी गेलं की तार गंजते आणि पितळेची ती पकड सुटायला लागते. म्हणून बाहेरून नुसता रबराचा प्लग ठोकून वर्षभर चालवू नका, टायर उतरवून आतून पॅच लावून घ्या. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, भोक असेल तर टायर गेला. मोठ्या खड्ड्यात जोरात आपटला असेल तर त्याचा परिणाम आठवड्यांनी दिसू शकतो, एखादा फुगा येतो तो त्याचाच.

टायर आधी सांगतो का?

बऱ्याचदा सांगतो. हळू चालवताना, ताशी तीस-चाळीसला, ठप ठप असा एकसारखा ठोका येतो किंवा स्टिअरिंग हलकंसं डोलतं. बॅलन्सिंग करून आलात तरी थरथर आठवडाभरात परत. ट्रेडवर हात फिरवला की एका जागी उंचवटा, किंवा एकाच पट्ट्यात नक्षी जास्त घासलेली. ठोका दिवसागणिक वाढत असेल तर गाडी हायवेला नेऊच नका, आधी टायर उतरवून आतून बाहेरून बघायला सांगा. कधीकधी मात्र काहीच कळत नाही, तेही खरं.

आणि चालताना गेलाच तर ब्रेक मारू नका. मोठा आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढते, पाय आपोआप ब्रेककडे जातो, तोच आवरायचा. स्टिअरिंग घट्ट धरून सरळ ठेवा, एक्सलरेटर एकदम न सोडता हळूहळू सोडा, गाडी स्वतः मंद होऊ द्या आणि मग बाजूला घ्या. मागचा टायर गेला असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण मागची बाजू घसरायला लागली की उलटं-सुलटं स्टिअरिंग मारण्यानेच गाडी उलटते. म्हणूनच दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावायला सांगतात.

गेलेला टायर टाकून देऊ नका

गाडी सुरक्षित थांबली की लोक पहिल्यांदा टायर बदलून तो गेलेला तिथेच फेकतात किंवा दुकानात सोडून येतात. पुरावा तिथेच संपतो. टायर ठेवा, निघालेला तुकडा रस्त्यावर धोका न पत्करता मिळत असेल तर तोही ठेवा, कारण चीर कुठून सुरू झाली, तार गंजली होती का, कमी हवेत चालल्याच्या खुणा आहेत का हे जाणकाराला त्यावरून दिसतं. मग कंपनीकडे आणि तुमच्या देशातल्या वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करा, नुसतं दुकानदाराशी भांडून सोडू नका. दुकानदार फार तर एक टायर बदलून देईल, पण ती तक्रार कुठेच मोजली जाणार नाही. फायरस्टोननंतर अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये ट्रेड अॅक्ट नावाचा कायदा आला, त्यात कंपन्यांना क्लेम आणि तक्रारींचे आकडे सरकारला नियमित कळवणं बंधनकारक झालं, ते याच कारणाने.

तक्रारीत मॉडेल, साइज, पूर्ण डीओटी कोड, कुठल्या चाकाला, किती किलोमीटर चालला होता, शेवटची हवा कधी बघितली होती, गाडीत किती वजन होतं, बाहेर किती गरम होतं, हे सगळं लिहा. आपली चूक असेल, हवा कमी होती असं वाटत असेल, तरी तेही लिहा, तपासणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. पूर्ण डीओटी कोड टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, आणि ती बाजू आत गेली असेल तर बाहेरून तारखेचे अंकच दिसत नाहीत, गाडीखाली वाकून टॉर्च मारावी लागते. नवा टायर बसवताना, रिमवर चढायच्या आधीच, मोबाइलवर चारही टायरच्या कोडचा फोटो काढून ठेवलात तर पुढे कधी ते टायर परत मागवल्याची बातमी आली तर आपला त्यात आहे का हे दोन मिनिटांत कळतं.